काळ्या कातडीचा हिशोब

पांढऱ्या खिल्लार गाईला होल्स्टीन फ्रिजियन वळूची रेतमात्रा वापरून कृत्रिम रेतन केले, की वासरू बहुधा काळे होते. खेड्यातल्या शाळेतील मुलांनी हे गोठ्यात पाहिलेले असते. ‘गाईचा रंग वासरात का नाही उतरला?’ असे एखादे मूल विचारते, तेव्हा ते आनुवंशिकतेच्या गाभ्यालाच हात घालत असते. याच प्रश्नाच्या उत्तरावर अमेरिकेत गुरांच्या अनेक जातींचे रूप पालटले. पिवळ्या आणि तांबड्या रंगासाठी ओळखल्या जाणाऱ्या जाती काही दशकांत काळ्या झाल्या. हे कसे घडले आणि त्यातून नेमके काय बदलले, ते आपण पाहू.

रंगाचे बटण

गुरांच्या केसांत दोन प्रकारची रंगद्रव्ये असतात : काळसर युमेलॅनिन आणि तांबूस-पिवळे फिओमेलॅनिन. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशीच्या आवरणावर एक प्रथिन असते. त्याला विजेच्या बटणाची उपमा देता येईल. बटण चालू असले की काळे रंगद्रव्य तयार होते, बंद असले की तांबूस. हे प्रथिन ज्या जनुकामुळे तयार होते त्याचे नाव एमसी-१-आर. गुरांमध्ये ते अठराव्या गुणसूत्रावर असते.

या जनुकाची तीन मुख्य रूपे आहेत. पहिल्या रूपात प्रथिनातील एकच अमिनो आम्ल बदललेले असते आणि त्यामुळे बटण कायम चालू राहते. दुसऱ्या रूपात जनुकातील एक अक्षर गळालेले असते. प्रथिन अपुरे राहते आणि बटण कधी चालूच होत नाही. तिसरे रूप मूळचे; त्यात बटण शरीराच्या संदेशानुसार चालू-बंद होते. काळ्या आणि तांबड्या रूपांमागचे हे बदल नॉर्वेतील संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवून दिले.

प्रत्येक जनावराकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक जरी ‘कायम चालू’ प्रत असली तरी जनावर काळे होते. म्हणून काळे रूप प्रभावी, तांबडे अप्रभावी. होल्स्टीन वळूकडून खिल्लारच्या वासराला मिळते ती हीच प्रभावी प्रत.

पाहुण्या जाती आणि खुल्या नोंदवह्या

अँगस ही स्कॉटलंडच्या ईशान्य भागातील बिनशिंगांची काळी जात. १८७३ मध्ये जॉर्ज ग्रँट यांनी चार अँगस वळू अमेरिकेतील कॅन्सस राज्यात आणले. पुढे मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांत ही तिथली एक प्रमुख जात झाली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून युरोपातील मोठ्या अंगाच्या जाती तिकडे येऊ लागल्या : स्वित्झर्लंडची पिवळी-पांढरी सिमेंटाल, फ्रान्सची तांबूस लिमोझीन, जर्मनीची सोनेरी-तांबूस गेल्बफी. सिमेंटालचा पहिला वळू १९६७ मध्ये कॅनडात उतरला.

शुद्ध गाई हाताशी थोड्याच होत्या. म्हणून या जातींच्या वंशावळीच्या नोंदवह्या खुल्या ठेवण्यात आल्या. स्थानिक गाईंवर पिढ्यान्‌पिढ्या नव्या जातीचे वळू वापरत गेले, की ठरावीक पिढीनंतर संततीची नोंद ‘शुद्ध’ म्हणून होई. स्थानिक गाईंत अँगस पुष्कळ होत्या. त्यामुळे काळे जनुक या जातींत रीतसर दारातूनच आत आले. तोवर त्याला विशेष भाव मात्र नव्हता.

भाव आला तो १९७८ नंतर. त्या वर्षी अँगस पैदासकारांच्या संघटनेने ‘सर्टिफाइड अँगस बीफ’ ही छाप सुरू केली. मांसात चरबीचे बारीक कण पेरल्यासारखे असले, की ते मऊ आणि रसदार लागते. अँगसचा लौकिक त्यासाठीच होता. पण कत्तलखान्यात येणाऱ्या प्रत्येक जनावराची वंशावळ कोण तपासणार? म्हणून पहिली चाळणी रंगाची ठेवली गेली. जनावराच्या अंगाचा निम्म्याहून अधिक भाग, म्हणजे किमान ५१ टक्के, काळा असावा लागे. पुढे मांसाची तपासणी होतेच आणि चरबीची पेरण कमी असेल तर छाप मिळत नाही. तरी आत शिरण्याचा परवाना रंगाचाच.

मानेवरचे वशिंड दोन इंचांहून उंच नसावे, अशीही एक अट आहे. वशिंड हे आपल्याकडच्या गुरांचे लक्षण. अमेरिकेतील ब्राह्मण जात ज्या भारतीय गुरांपासून घडली, त्यांत गीर आणि ओंगोल यांच्याबरोबर कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली ही जातही आहे. एका बाह्य लक्षणाने आत घ्यायचे आणि दुसऱ्याने बाहेर ठेवायचे, असा हा मामला.

वासरांच्या लिलावात तर मांसातील चरबी दिसतच नाही. दिसते ती कातडी. काळ्या वासराला चढा भाव मिळू लागला. पिवळी-तांबडी गुरे पाळणाऱ्यांनी मग आपल्याच जाती काळ्या करायला घेतल्या.

चार पिढ्यांचे गणित

अँगस गाय आणि सिमेंटाल वळू यांचे पहिले वासरू काळे, पण निम्मे अँगस. ते मोठे झाल्यावर त्याचा संकर पुन्हा सिमेंटालशी केला. वासरांपैकी सरासरी निम्मी काळी होतात; तेवढीच पुढच्या पैदाशीसाठी ठेवली. असेच पुढे करत गेले, तर अँगसचा सरासरी हिस्सा १/२, १/४, १/८, १/१६ असा घटतो. चौथ्या पिढीत सोळा हिश्शांपैकी एकच अँगसचा उरतो, पण कातडी मात्र पहिल्या पिढीइतकीच काळी!

प्रत्यक्षात थोडे अडथळे आले. सिमेंटालमध्ये रंग फिका करणारे एक वेगळे जनुक असते. त्यामुळे काही वासरे धुरकट निघत. ती वगळावी लागली. शिवाय ही सर्व काळी जनावरे एकच काळी प्रत बाळगणारी. त्यांचा आपापसांत संकर केला की सरासरी चारांत एक वासरू तांबडे होणार, दोन एकेरी काळी आणि एक दुहेरी काळे. हे दुहेरी काळे वळू फार मोलाचे, कारण त्यांची सगळीच संतती काळी होते. पूर्वी असा वळू ओळखण्यासाठी त्याचा संकर तांबड्या गाईंशी करून पाहत. दहाच्या दहा वासरे काळी झाली, तर तो वळू एकेरी असण्याची शक्यता फारच कमी; कारण एकेरी वळूच्या बाबतीत असा योग १०२४ मध्ये एकदाच येतो. आता केसांच्या मुळांतील डीएनए तपासून हे थेट कळते. त्यात कृत्रिम रेतनाची भर पडली आणि एकेका वळूचे जनुक हजारो वासरांत पोचले.

रंग काय सांगतो?

गुरांच्या जनुकसंचाचा आराखडा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २२ हजार जनुके आढळली. कातडी काळी आहे एवढ्यावरून आपल्याला त्यांतल्या एका जनुकाची खबर मिळते. मांसातील चरबीची पेरण ही अनेक जनुकांच्या आणि खाद्याच्या एकत्रित परिणामातून ठरते.

याचा पुरावा अँगसमध्येच आहे. एकेरी काळ्या आई-वडिलांपोटी कधी कधी तांबडे अँगस जन्माला येते. अमेरिकेतील मुख्य नोंदवहीने १९१७ पासून अशांना दार बंद केले; १९५४ मध्ये त्यांच्या पाळकांनी वेगळी संघटना काढली. हे जनावर वंशाने पूर्ण अँगस, तरी रंगाच्या चाळणीत ते अडकते. सोळावा हिस्सा अँगस असलेले काळे सिमेंटाल मात्र पार होते. शिवाय काळी कातडी ऊन अधिक शोषते, त्यामुळे कडक उन्हाळ्यात अशा जनावरांना त्रास जास्त होतो. खूण म्हणून निवडलेला रंग हेच ध्येय झाले, त्याची ही किंमत आहे.

हा हिशोब वर्गात दोन नाण्यांनी करून पाहावा, असे आम्ही सुचवू. छापा म्हणजे काळी प्रत, काटा म्हणजे तांबडी. दोन नाणी म्हणजे दोन एकेरी काळे आई-वडील. ती एकत्र चाळीस वेळा उडवून प्रत्येक वासराचा रंग फळ्यावर लिहावा. तांबडी वासरे दहाच्या आसपास येतील. मग मुलांना दोन प्रश्न विचारावेत. काळ्या वासरांपैकी दुहेरी कोणती आणि एकेरी कोणती, हे नुसत्या रंगावरून सांगता येईल का? आणि बाजारात काळे-पांढरे वासरू पाहून ‘ही गाय भरपूर दूध देणार’ असे कोणी म्हटले, तर त्याला नक्की काय ठाऊक आहे?