दोरी ओढून खांदा दुखतो, मशीन मात्र थंडच

पावसाळा सरत आला की कोकणातल्या कलमबागांतून टू-स्ट्रोक इंजिनांचा आवाज घुमू लागतो. आंबा-काजूखाली वाढलेलं रान आता कोयत्यापेक्षा ग्रास कटरनेच जास्त निघतं. आणि गावात एखादं तरी मशीन असं असतंच, की मागच्या हंगामात झकास चालत होतं आणि यंदा कितीही दोरी ओढा, दाद देत नाही. मग प्लग बदलला जातो, ऑइल वाढवलं जातं, कोणीतरी जाणकार स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरला भिडतो. यातलं बरंचसं ज्ञान आपल्याकडे जुन्या स्कूटर आणि मोपेडवरून आलं आहे. तिथे ते उपयोगी पडलं म्हणून इथेही पडेल, असं मात्र नाही.

मशीन तिरकं करून बघण्याचंच घ्या. बजाजची जुनी स्कूटर किक मारण्याआधी एका बाजूला झुकवायची, हा घराघरातला विधी होता. त्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठवणारी वाटी आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट असे. स्कूटर झुकली की थोडं जास्तीचं पेट्रोल इंजिनकडे जाई. ग्रास कटर किंवा चेन सॉ कोणत्याही कोनात चालावी लागते, म्हणून तिच्यात ती वाटीच नसते. पातळ रबरी पडदा, म्हणजे डायाफ्राम, हलून पेट्रोल ओढतो. हे मशीन उलटं धरलंत तरी काही साधत नाही. हा पडदा वर्षानुवर्षांच्या वापराने कडक होतो हे मात्र खरं, आणि तेव्हा कार्ब्युरेटर न बदलता फक्त पडद्यांचं किट बदलून बहुतेकदा भागतं.

‘बल्ब जास्त दाबू नका, पेट्रोल ओव्हर होईल,’ असंही हमखास ऐकायला मिळतं. बहुतेक ग्रास कटरमध्ये तो पारदर्शक बल्ब इंजिनात पेट्रोल ढकलतच नाही. टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरमधून फिरवून, मधली हवा काढून, दुसऱ्या नळीने ते परत टाकीत सोडतो. परतीच्या नळीत पेट्रोल दिसेपर्यंत खुशाल दाबा.

पेट्रोल ओव्हर होतं ते चोकमुळे, आणि दोरी ओढण्याचे सर्वाधिक श्रम इथेच वाया जातात. थंड इंजिनाला चोक बंद करून तीन-चार वेळा ओढलं की एकदा ‘फट्’ असा आवाज येतो आणि इंजिन लगेच गप्प होतं. माणूस उत्साहाने त्याच चोकवर आणखी ओढत राहतो. खरं तर तो आवाज म्हणजे चोकचं काम संपल्याची खूण. त्यानंतर चोक अर्धा किंवा पूर्ण उघडून ओढायचं. तसं केलं नाही तर आत कच्चं पेट्रोल साचतं, प्लग भिजतो आणि ठिणगी पडूनही काही पेटत नाही. असं झालं तर चोक पूर्ण उघडा, ट्रिगर दाबून धरा आणि दहा-पंधरा वेळा ओढा. अशा वेळी इंजिन अचानक पूर्ण वेगाने सुरू होऊ शकतं, म्हणून पातं जमिनीपासून आणि माणसांपासून लांब असू द्या. तरीही जमलं नाही तर प्लग काढून पुसा आणि भोक खाली करून दोरी ओढत आतलं पेट्रोल बाहेर पडू द्या.

आता ऑइल. ग्रास कटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलबरोबर गेलेलं ऑइलच बेअरिंग आणि पिस्टनला वंगण देतं. त्यामुळे ‘थोडं जास्त टाकलं तर चांगलंच’ हे तर्काला पटतं, पण चुकीचं आहे. जास्तीचं ऑइल नीट जळत नाही. प्लगवर, सायलेन्सरच्या जाळीत आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी काजळी धरते. शिवाय ऑइल जेवढं वाढतं तेवढं त्याच छिद्रातून जाणारं पेट्रोल कमी होतं. पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, ४०:१ असेल तर २५ मिली आणि २५:१ असेल तर ४० मिली. बाटलीच्या झाकणाने अंदाज घेण्यापेक्षा औषधाचा मापाचा कप बरा. घरात उरलेलं मोटारसायकलचं इंजिन ऑइल मात्र कधीच घालू नका, ते जळण्यासाठी बनवलेलंच नसतं. एअर-कूल्ड इंजिनासाठीचं टू-टी ऑइल घ्या. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं असेल तर उत्तम. ऑइल निळं, हिरवं की लाल, याचा दर्जाशी संबंध नाही. मिसळलेलं पेट्रोल ओळखता यावं म्हणून तो रंग असतो. शेजाऱ्याचं मशीन मागून आणलं असेल तर ते फोर-स्ट्रोक तर नाही ना, हेही विचारा. दिसायला दोन्ही सारखीच. पण टू-स्ट्रोकमध्ये साधं पेट्रोल घातलं तर पिस्टन पाहता पाहता जाम होतो.

‘पेट्रोलला काय होतंय?’ असं म्हणणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांतला बदल लक्षात घ्यायला हवा. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल येऊ लागलं आणि आता ते सर्वत्र आहे. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा त्यात मोठा वाटा आहे, त्यामुळे इथेनॉलविरुद्ध बोलणं आपल्याकडे जरा अवघडच! पण हातयंत्रांच्या अनेक पुस्तिकांत आजही १० टक्क्यांचीच मर्यादा छापलेली असते. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या डब्यात हे सहज घडतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसह तळाशी बसतं. टू-टी ऑइल या थरात जवळजवळ नसतं, ते वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीतला फिल्टर तर तळाशीच लोळत असतो. म्हणजे इंजिनाला मिळतं ते वंगण नसलेलं पाणचट मिश्रण. इथेनॉल नसलं तरी साठवलेल्या पेट्रोलमधला चटकन पेटणारा हलका भाग उडून जातो. मिश्रण महिनाभर पुरेल एवढंच करा. शंका आली तर थोडं काचेच्या बाटलीत ओतून थर दिसतो का पाहा. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल हा यावर उपाय नाही. ऑक्टेनचा संबंध इंजिनातल्या ‘नॉकिंग’शी आहे, चटकन सुरू होण्याशी नाही.

प्लग हा सगळ्यांचा आवडता आरोपी. तो बदलण्याआधी काढून नुसता पाहिला तरी पुष्कळ कळतं. बराच वेळ ओढूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचतच नाहीये: फिल्टर, तडकलेली नळी, कार्ब्युरेटर. ओला असेल तर पेट्रोल येतंय. ओव्हर झालंय का आणि ठिणगी पडते का, ते बघायचं. ठिणगी तपासताना सांडलेलं पेट्रोल आधी पुसा आणि उघडा प्लग भोकापासून लांब धरा. गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिमी. आणि हो, बंद करायचं बटण चालू स्थितीत आहे ना? हसू नका, मेकॅनिककडे गेलेली काही मशीन तिथे फक्त बटणाने सुरू होतात.

सुरू होऊन दहा मिनिटांत बंद पडणाऱ्या मशीनमध्ये प्लग बदलून बहुधा हाती काही लागत नाही. टाकीचं झाकण सैल करून बघा. आत हवा शिरल्याचा आवाज आला आणि मशीन पुन्हा चाललं, तर श्वासनळी बुजली आहे. मशीन चालतं पण वेग घेत नाही, तर एअर फिल्टर आणि सायलेन्सरची जाळी काढून साफ करा. फिल्टर न लावता चालवू नका. जांभ्याची बारीक धूळ सिलिंडरला ओरखडे पाडते.

स्क्रूबद्दल एवढंच, की ‘एच’ लिहिलेला स्क्रू आवळल्यावर आवाज तीक्ष्ण होतो आणि ताकद वाढल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात पेट्रोल आणि त्याबरोबरचं ऑइल कमी झालेलं असतं. भर उन्हात तासभर असं चाललेलं इंजिन जाम झालं, तर खर्च थेट पिस्टन-सिलिंडर किटचा.

हंगाम संपल्यावर टाकी भरून ठेवावी म्हणजे गंज धरत नाही, हा सल्ला पत्र्याच्या टाकीचा आहे. ग्रास कटरची टाकी प्लास्टिकची. ती रिकामी करा, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि मग माळ्यावर टाका. आणि दुरुस्तीला न्यावंच लागलं, तर नुसतं ‘चालत नाही’ म्हणू नका. प्लग ओला होता की कोरडा, मशीन सुरू होऊन बंद पडतं की सुरूच होत नाही, मिश्रण केव्हाचं आहे, हे मेकॅनिकला सांगा.