आतड्याला पीळ पडतो तेव्हा

झोपाळ्याच्या दोन्ही दोऱ्या लांब सोडून वर जवळजवळ बांधल्या, तर पाट गिरकी घेतो आणि दोऱ्यांना सहज पीळ बसतो. कड्या दूर असल्या की असे सहसा होत नाही.

मोठ्या आतड्याच्या शेवटी, गुदाशयाच्या अलीकडे, सिग्मॉइड नावाचा नागमोडी भाग असतो. एका पातळ पडद्याने तो पोटाच्या मागच्या भिंतीला टांगलेला असतो. काहींमध्ये हा भाग लांब आणि पडद्याचे मूळ अरुंद असते. वर्षानुवर्षांच्या बद्धकोष्ठाने तो आणखी ताणला जातो. म्हणून उतारवयात, विशेषतः अंथरुणाला खिळलेल्यांत, पिळाचा धोका वाढतो.

पीळ पडला की पोट फुगते, शौच होत नाही, वायूही सरत नाही. रक्तवाहिन्या याच पडद्यातून जातात. शिरांच्या भिंती पातळ आणि त्यांतला दाब कमी, म्हणून आधी त्या दबतात; धमन्या मात्र रक्त आत ढकलतच राहतात. आतडे सुजते, आणि शेवटी रक्तपुरवठा थांबून कुजू लागते. म्हाताऱ्या माणसाचे दुखणे कधीकधी बेताचेच असते. मग 'गॅस झाला असेल' म्हणून घरात एरंडेल पाजले जाते. वाट बंद असताना मागून जोर लावण्याचाच हा प्रकार!

क्ष-किरण चित्रात फुगलेले आतडे कॉफीच्या बीसारखे दिसते. आतडे कुजल्याची वा फुटल्याची चिन्हे असतील, तर ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागते. तशी नसतील तर गुदद्वारातून दुर्बीण पिळापर्यंत नेतात. कोंडलेली हवा व मळ बाहेर पडतो आणि बहुधा पीळ सुटतो. मग एक नळी दोन-तीन दिवस आतच ठेवतात. पोट न उघडता नळीने पीळ सोडवण्याचा मोठा अनुभव नॉर्वेच्या ब्रूसगार्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध केला होता.

रुग्णाला लगेच हलके वाटते, आणि नातेवाईक घरी न्यायची घाई करतात. पण लांब आतडे आणि अरुंद मूळ तसेच राहिलेले असते! सुमारे निम्म्या रुग्णांत पीळ पुन्हा पडतो. म्हणून त्याच मुक्कामात, तयारीनिशी, तो भाग काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. 'ऐंशी वर्षांच्या आजोबांवर आता कशाला कापाकापी?' हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु कुजलेल्या आतड्यावर घाईने केलेली शस्त्रक्रिया कितीतरी अधिक जीवघेणी असते. नुसत्या वयावरून नकार देऊ नये. हृदय, फुप्फुसे आणि चालण्याफिरण्याची ताकद पाहावी. ती खरोखरच साथ देत नसतील, तर दुर्बिणीच्या मदतीने आतडे पोटाच्या पुढच्या भिंतीला नळीने अडकवून ठेवता येते. मात्र त्यात जंतुसंसर्गाची भीती राहते.