चिलर किती वॉटचा यापेक्षा तो किती तास चालतो ते बघा



मे महिना आला की दुकानात एकच प्रश्न असतो: "दादा, कमी वीज खाणारा चिलर कोणता?" सुरुवातीला मीही खोक्यावरचे वॉट बघून उत्तर द्यायचो. एका ग्राहकांना २०० लिटरच्या मरीन टँकसाठी मी असाच १५० वॉटचा छोटा चिलर दिला. "२५० वॉटवाला जास्त वीज खाईल," हे मीच सांगितलं होतं. महिन्याभराने ते वीजबिल घेऊन दुकानात आले. चूक माझीच होती.

बिल वॉटचं नाही, युनिटचं येतं

सूत्र सोपं आहे: वॉट गुणिले तास, भागिले १०००. चिलर थर्मोस्टॅटवर चालतो. पाणी ठरलेल्या तापमानाला आलं की तो बंद होतो. छोटा चिलर तिथे पोचायलाच धडपडतो, म्हणून बंदच होत नाही.

मी त्यांच्या घरी प्लगला लावायचा वीज मीटर बसवला आणि दोन्ही चिलर एकेक दिवस चालवून बघितले.

- १५० वॉट, २२ तास: ३.३ युनिट
- २५० वॉट, ११ तास: २.७५ युनिट

म्हणजे "जास्त वॉटवाला" स्वस्त पडला. पण खरी गंमत पुढे आहे. चिलर टँकखालच्या बंद कपाटात ठेवला होता. स्वतःच बाहेर टाकलेली गरम हवा तो परत आत ओढत होता. जुनाच १५० वॉटचा चिलर बाहेर मोकळ्या हवेत ठेवला, तर १५ तासांत काम झालं. २.२५ युनिट!

१० रुपये युनिट धरलं तर महिन्याला ९९०, ८२५ आणि ६७५ रुपये. सगळ्यात स्वस्त उपाय फुकटचा निघाला.

तुलना करताना आणखी काय बघायचं?

पेल्टिअर चिलर: कॉम्प्रेसर नसतो, किंमत कमी. पण साधारणपणे जेवढी वीज घेतो तेवढीही उष्णता पाण्यातून काढत नाही. कॉम्प्रेसरवाला विजेच्या दुपटीच्या आसपास किंवा जास्त काढतो. पेल्टिअर अगदी छोट्या टँकलाच द्या.

पंखा: १० वॉटचा पंखा दिवसभर चालून पाव युनिटही खात नाही. १ लिटर पाण्याची वाफ झाली की अंदाजे ०.६७ युनिटइतकी उष्णता निघून जाते. नागपूर-जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात हे छान चालतं, मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत कमी. मरीन टँकमध्ये कमी झालेलं पाणी भरताना आरओचं गोडं पाणी घाला, कारण मीठ आतच राहतं.

पंप: चिलरला पाणी देणारा २० वॉटचा पंप २४ तास चालतो. त्याचं जवळपास अर्धं युनिट वेगळं धरा.

सेटिंग: खोली ३२ अंशांवर असताना पाणी २५ वर ठेवायचं तर फरक ७ अंशांचा, २७ वर ठेवलं तर ५ चा. काचेतून येणारी उष्णता सुमारे २८ टक्क्यांनी कमी. मात्र तुमच्या माशांना आणि कोरलला ते तापमान चालतं का, हे आधी बघा.

दुकानदारांसाठी

चिलर विकताना तीन प्रश्न विचारा: टँक किती लिटरचा, खोली किती तापते, चिलर कुठे ठेवणार? मग किमतीशेजारी महिन्याचा अंदाजे वीजखर्च लिहून द्या. गप्पी-मोलीवाल्याला "तुम्हाला चिलर लागत नाही" असं सरळ सांगा. त्या दिवशी एक विक्री जाईल, पण माणूस टिकेल.

आणि ते बिल घेऊन आलेले ग्राहक? नवीन चिलर त्यांनी घेतलाच नाही. पण मासे, मीठ, खाद्य, सगळं आजही माझ्याकडूनच नेतात.