औषधसेवनकाल आणि मोबाइल ॲप : वैद्याने प्रोग्रॅमिंग का शिकावे?

औषध योग्य, मात्रा योग्य, अनुपानही योग्य. पण सेवनाचा काल चुकला तर चिकित्सा अर्धीच राहते, हे आपणा वैद्यबंधू-भगिनींना नव्याने सांगावयास नको. सुश्रुताचार्यांनी दहा औषधकाल सांगितले, शार्ङ्गधराचार्यांनी व्यवहारास सोयीचे पाच सांगितले. यांतील बहुतेक काल घड्याळाशी नव्हे, तर भोजनाशी बांधलेले आहेत. प्राग्भक्त म्हणजे सकाळी आठ वाजता नव्हे, जेवणापूर्वी.

आमच्या खंडाळा तालुक्यात (हे सातारा जिल्ह्यातील खंडाळा, लोणावळ्याजवळचे नव्हे) हा भेद रोज जाणवतो. नीरा नदी ओलांडून शिरवळला आले की औद्योगिक वसाहत सुरू होते. तेथील कामगार तीन पाळ्यांत काम करतो. या आठवड्यात त्याचे जेवण दुपारी एकला, तर पुढील आठवड्यात मध्यरात्री. 'जेवणाआधी अर्धा तास' असे चिठ्ठीवर लिहून दिले तरी पाळी बदलली की क्रम विस्कटतो. अम्लपित्ताचा किंवा ग्रहणीचा रुग्ण 'गुण येत नाही' म्हणून परततो, आणि विचारपूस केल्यावर दोष औषधाचा नसून कालाचा असल्याचे कळते.

औषधाची आठवण करून देणारी मोबाइल ॲप्स पुष्कळ आहेत. आम्ही जी पडताळली, त्यांत ठरावीक वाजण्याची वेळ भरावी लागे. 'मुहुर्मुहुः' किंवा 'अंतराभक्त' ही संकल्पना त्यांत बसत नव्हती. तेव्हा हे साधन स्वतःच घडवावे, असे आम्ही ठरविले.

अध्ययन कोठे व कसे?

दूरस्थ तांत्रिक शिक्षण आपल्याकडे नवे नाही. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्थेचा एनपीटीईएल उपक्रम २००३ मध्ये सुरू झाला. केंद्र शासनाचे 'स्वयम्' २०१७ मध्ये आले. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात काही संगणकविषयक पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात. अँड्रॉइडसाठी गूगलचा इंग्रजी अभ्यासक्रम विनामूल्य आहे. त्यात कोटलिन ही भाषा शिकवितात. तिला गूगलने २०१७ मध्ये अधिकृत मान्यता दिली व २०१९ मध्ये पसंतीची भाषा म्हणून जाहीर केले. पडद्यावरील मांडणीसाठीचे 'जेटपॅक कंपोज' हे साधन जुलै २०२१ पासून स्थिर रूपात उपलब्ध आहे. आम्ही प्रथम पायाभूत भाग व नंतर प्रगत भाग असा क्रम ठेवला. रात्री चिकित्सालय बंद झाल्यावर एक तास, हा नियम.

वयाच्या चाळिशीनंतर हे जमेल काय, अशी शंका अनेकजण विचारतात. याच तालुक्यातील नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले विवाहानंतर अक्षरे शिकल्या आणि पुढे शिक्षिका झाल्या. त्या गावाच्या शेजाऱ्यांनी तरी वयाची सबब सांगू नये.

केवळ व्हिडिओ पाहून प्रोग्रॅमिंग येत नाही. सुश्रुताचार्यांनी 'योग्यासूत्रीय' अध्यायात शस्त्रकर्माचा अभ्यास आधी भोपळा, काकडी अशा फळांवर करावयास सांगितला आहे. शास्त्र पाठ असले तरी हात तयार नसेल तर तो वैद्य कर्मास अयोग्य. येथेही तेच. संगणकावर आभासी फोन चालविता येतो. प्रत्येक पाठ त्याच्यावर करून पाहावा, मोडावा, पुन्हा जोडावा, आणि मगच खऱ्या फोनवर न्यावा.

काल कसा साठवावा?

प्रगत भागाचे खरे मर्म या प्रश्नात आहे. औषधाची नोंद करताना वाजण्याची वेळ साठविली तर पाळी बदलताच सर्व नोंदी निरुपयोगी होतात. म्हणून नोंदीत संबंध साठवावयाचा: कोणते भोजन, त्याच्या आधी की नंतर, किती मिनिटे. रुग्णाच्या भोजनाच्या वेळा निराळ्या तक्त्यात. रुग्णाने 'रात्रपाळी' हे एकच बटण दाबले की सर्व औषधांच्या वेळा नव्याने मोजल्या जातात. ही माहिती फोनमध्येच, 'रूम' नावाच्या साधनाद्वारे एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये राहते. घाटाच्या कडेच्या वाडीवर रेंज नसली तरी काम अडत नाही.

दुसरी अडचण फोनच्या स्वभावाची. बॅटरी वाचविण्यासाठी अँड्रॉइड फोन निद्रिस्त होतो व ॲपची कामे पुढे ढकलतो. पार्श्वभूमीतील नियतकालिक कामांसाठी असलेल्या 'वर्कमॅनेजर'मध्ये दोन फेऱ्यांत किमान १५ मिनिटांचे अंतर असावे लागते आणि तेही काटेकोर नसते. त्यामुळे औषधाच्या आठवणीस तो उपयोगी नाही. अचूक गजरासाठी अँड्रॉइड १२ पासून वेगळी परवानगी आली; अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखविण्यासही रुग्णाची संमती लागते. फोन बंद करून चालू केला की लावलेले गजर पुसले जातात, ते ॲपने पुन्हा लावावे लागतात. हे ज्ञान नसता केलेले ॲप आपल्या टेबलावर उत्तम चालते आणि रुग्णाच्या खिशात मौन धरते.

औषधविक्रेत्यांसाठी

औषधी दुकानदार बंधूंना साठ्याची नोंद व मुदतबाह्य होणाऱ्या मालाची पूर्वसूचना या दृष्टीने हेच शिक्षण उपयोगी आहे. येथे नामज्ञानाचा प्रश्न उभा राहतो. गुळवेल, गुडूची व अमृता ही एकाच द्रव्याची नावे. पण 'अमृता' हे हरीतकी व आमलकीचेही पर्यायनाम. 'रास्ना' म्हणून निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. म्हणून नावावर विसंबून नोंद करू नये. प्रत्येक उत्पादनास स्वतंत्र क्रमांक, त्याखाली उत्पादक, बॅच क्रमांक व मुदत, आणि सर्व पर्यायनामे शोधापुरती वेगळी, अशी रचना हवी. 'दशमूलारिष्ट' आणि 'दशमूळारिष्ट' या दोन्ही लेखनांना एकच उत्तर मिळाले पाहिजे.

मर्यादा व जबाबदारी

येथे सर्वाधिक सावधगिरी हवी. समजा, रुग्णाची सकाळची मात्रा चुकली. ॲपने ती पुढील मात्रेसोबत घेण्यास सुचवावे काय? मुळीच नाही. वत्सनाभ, कुपीलु, भल्लातक, पारद यांसारखी शेड्यूल ई-१ मधील द्रव्ये ज्या कल्पांत आहेत, तेथे दुप्पट मात्रा अनर्थकारक ठरू शकते. आम्ही ॲपमध्ये नियमच घातला आहे: चुकलेली मात्रा केवळ 'चुकली' अशी नोंदली जाईल आणि वैद्यांना विचारण्याची सूचना येईल. मात्रा ठरविणे वा बदलणे हे यंत्राचे काम नव्हे. हा नियम कोठे घालावा हे केवळ संगणक जाणणाऱ्यास सुचणार नाही. वैद्यानेच तो सांगावा लागतो. वैद्याने ही विद्या शिकावी, याचे आमच्या मते हेच मुख्य कारण होय.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची. रुग्णाचा व्याधी ही त्याची खासगी बाब. वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याखालील नियम २०२५ मध्ये अधिसूचित झाले व ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. जी माहिती आवश्यक नाही ती मागूच नये, हा उत्तम मार्ग.

गूगलच्या प्ले स्टोअरवर ॲप ठेवण्यास एकदाच २५ डॉलर शुल्क आहे. नोव्हेंबर २०२३ नंतरच्या नव्या वैयक्तिक खात्यास आधी किमान १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस चाचणी करवून घ्यावी लागते. आमचे ॲप तूर्त परिचित वैद्यमित्रांच्या रुग्णांपुरतेच आहे.

समारोप

२६ नोव्हेंबर २०२४ पासून राबविलेल्या 'देश का प्रकृति परीक्षण' अभियानात १ कोटी २९ लाखांहून अधिक नागरिकांचे परीक्षण ॲपच्या साह्याने झाले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये आयसीडी-११ मध्ये आयुर्वेदादी पद्धतींच्या व्याधींसाठीचा विभाग प्रसृत केला. आपले शास्त्र संगणकात जात आहे, हे निश्चित. ते कोणत्या रूपात जाईल, हे तेथे वैद्य उपस्थित असतील की नाही यावर अवलंबून आहे.

चरकाचार्यांनी ज्ञानाचे तीन उपाय सांगितले: अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. ऑनलाइन अभ्यासक्रमाने पहिला घरबसल्या मिळतो. उरलेले दोन आपणच उभे करावयाचे आहेत. प्रत्येक तालुका शाखेत चार-पाच वैद्य व औषधविक्रेते यांनी पंधरा दिवसांतून एकदा एकत्र बसून एकेक पाठ सोडवावा, अशी नम्र सूचना आहे. आरंभ रुग्णाच्या एका लहान, नेमक्या अडचणीपासून करावा. भाषा व साधने त्यामागोमाग येतात.