क्वाड बाईकवर कंबर का दुखते? फोनमधला सेन्सर वापरून समजून घ्या

पाचगणी-महाबळेश्वर भागात वीकेंडला फिरायला गेलात तर चार जाड टायरची क्वाड बाईक, म्हणजे एटीव्ही, दिसतेच. पैसे भरले, हेल्मेट घातलं, दहा-पंधरा मिनिटं दगडधोंड्यांतून फिरवली, रील टाकली. मजा येते, त्यात वाद नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाकून बूट घालताना कंबर बोलायला लागते. "सवय नाही म्हणून दुखतंय" असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं कारण फिजिक्सचं आहे, आणि ते तुमच्या खिशातल्या फोनवर मोजता येतं.

आधी गाडी समजून घेऊ. बाईक वळताना आपल्यासोबत झुकते. क्वाड झुकत नाही. ती चारही चाकांवर सपाट राहते आणि झुकायचं काम तुमच्या अंगावर येतं. शिवाय बऱ्याच छोट्या क्वाडमध्ये मागची दोन्ही चाकं एकाच आखीव दांड्यावर असतात, दोन्ही सारख्याच वेगाने फिरतात. त्यामुळे वळताना गाडी सरळच जायला बघते आणि आपण हँडल ओढत कंबर पिळत बसतो. वरून जांभ्या दगडाचे दणके. पाठीच्या कण्याला एकाच वेळी दाब आणि पीळ दोन्ही मिळतात, आणि मणक्यांमधल्या गाद्यांना हेच सगळ्यात कमी आवडतं.

आता मुख्य मुद्दा: रेझोनन्स. झोक्याला बरोबर वेळेवर हलका धक्का दिला तरी तो उंच जातो, चुकीच्या वेळी जोरात ढकलला तरी जात नाही. बसलेल्या माणसाच्या शरीराचंही असंच आहे. खालून येणारे हादरे सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा, म्हणजे ४ ते ८ हर्ट्झने आले, की शरीर ते शोषण्याऐवजी वाढवतं.

आणि गंमत बघा. जत, आटपाडीकडच्या मुरमाच्या रस्त्यांवर पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या असतात. दोन लाटांमध्ये ८० सेंटीमीटर अंतर धरा. ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर. भागाकार केला की सेकंदाला ५ हादरे! बरोबर त्या नको असलेल्या पट्ट्यात. वेग ताशी ८ वर आणला की हाच आकडा ३ च्या खाली येतो. ताशी ३० ला तो १० च्या वर जातो आणि रस्ता गुळगुळीत झाल्यासारखा वाटतो, पण तेव्हा टायर जमिनीला नीट टेकतच नाहीत आणि ब्रेक लागत नाही. म्हणून अशा पट्ट्यात हळू जाणंच बरं.

फोनवर कसं मोजायचं?

जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स हे ॲप फुकट आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं. त्यात गुरुत्वाकर्षण वगळून प्रवेग मोजायचा पर्याय निवडा. फोन कंबरेच्या पाऊचमध्ये पुढच्या बाजूला घट्ट बांधा. मागे मणक्यावर नको, पडलात तर फोनच लागेल. खिशात सैल ठेवला तर फोनचं स्वतःचं उडणं मोजलं जाईल. स्क्रीन लॉक झाली तर रेकॉर्डिंग थांबू शकतं, ते आधीच बघून घ्या. आणि चालवताना स्क्रीनकडे बघायचं नाही. ॲपमध्ये वेळ लावून आपोआप सुरू-बंद करायची सोय आहे, ती वापरा.

एकच पट्टा दोनदा फिरा: एकदा सीटवर बसून, एकदा पायांवर भार देऊन. दोन्ही आलेख शेजारी ठेवा. बसून केलेल्या फेरीतली टोकं उंच दिसली तर कंबरेला काय सोसावं लागतंय ते कळेल. ४ ते ८ हर्ट्झसाठी सेकंदाला १०० नोंदी भरपूर होतात आणि आजकालचा साधा फोनही तेवढ्या घेतो. फक्त हा आकडा तुलनेपुरता. प्रयोगशाळेत सीटवर खास सेन्सरची चकती ठेवून मोजतात, आपलं ते नाही.

तरी एक पट्टी माहीत असावी. युरोपात २००२ च्या नियमानुसार आठ तासांच्या कामाच्या दिवसात सरासरी कंपन ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि १.१५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. हे गणित वर्गाचं आहे. कंपन १ असेल तर ती पहिली पातळी दोन तासांत गाठली जाते, २ असेल तर अर्ध्या तासात. मोठ्या दणक्यांसाठी वेगळी मोजणी आहे, तिच्यात चौथा घात असतो: दणका दुप्पट, तर हिशोब सोळा पट. म्हणजे तासभर थरथर सोसण्यापेक्षा एक मोठा खड्डा बसून घेणं महाग पडू शकतं. उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर दिवसभर बसणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत आहे, त्यांना ॲप लागत नाही.

मग करायचं काय?

खडबडीत जागा आली की उठा. पूर्ण ताठ उभं राहायचं नाही. गुडघे थोडे वाकलेले, ढुंगण मागे, पाठ सरळ, वाकायचं ते खुब्यातून. तुमच्या मांड्या हेच सगळ्यात चांगलं सस्पेन्शन आहे. हँडलला लोंबकळू नका, हात सैल ठेवा. वळताना कंबर पिळण्याऐवजी सगळं धडच वळणाच्या आतल्या बाजूला सरकवा.

टायरची हवा विचारा. बाईकच्या टायरमध्ये साधारण ३० पीएसआय असते, क्वाडला मात्र मॉडेलनुसार ४ ते ७ च्या आसपास पुरते. भाड्याच्या गाड्यांमध्ये कुणी पंक्चर टाळायला जास्त भरली असेल तर गाडी चेंडूसारखी उडते. टायर अंगठ्याने दाबून बघा, दगडासारखा लागला तर दुसरी गाडी मागा. एका सीटच्या गाडीवर मागे मित्र बसवू नका, कारण त्याला दणका येताना दिसत नाही आणि उठताही येत नाही. मोठ्या क्वाडवर १६ वर्षांखालच्यांनी चालवू नये असं कंपन्याच गाडीवर लिहितात.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे त्याआधीचे तास. आमच्यासारखे पुण्यात आठवडाभर खुर्चीत बसणारे आणि मग खंबाटकी, पसरणी घाट चढून थेट क्वाडवर बसणारे खूप आहेत. बराच वेळ बसून राहिल्यावर मणक्याभोवतीचे पट्टे सैल पडलेले असतात. आधी दहा मिनिटं चाला, खुबे मोकळे करा. मागच्या खिशातलं पाकीट आणि फोन काढा. कंबरपट्ट्याने आधार वाटतो, पण तो दणका शोषत नाही.

फोन हँडलवर लावणाऱ्यांसाठी एक जाता जाता: जास्त पॉवरच्या मोटरसायकल इंजिनाच्या कंपनाने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलं होतं.

साधं दुखणं हालचाल चालू ठेवली की बहुतेक वेळा काही दिवसांत उतरतं. पण कळ गुडघ्याखाली उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पाऊल उचलताना ताकद कमी वाटत असेल, तर मसाजवाल्याकडे न जाता डॉक्टरांना दाखवा. बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर सोमवारची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.