साडेचार हजार कोटींत एक

उज्जैनच्या माधव नगरातल्या कुठल्याही किराणा दुकानात जा आणि सोयाबीन तेलाची एक लिटरची पिशवी मागा. माळव्यात घरोघरी हेच तेल. पिशवीवर बारीक अक्षरांत वजन छापलेलं असतं, ९१० ग्रॅम. या तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून ढवळलं (घरी नको, मिथेनॉल विषारी आणि पटकन पेट घेणारं), की ग्लिसरीन तळाला बसतं आणि वर उरतं ते बायोडिझेल. रसायनवाल्यांच्या भाषेत मेदाम्लांचे मिथिल एस्टर.

सोयाबीन तेलातली मुख्य मेदाम्लं पाच : पामिटिक, स्टिअरिक, ओलेइक, लिनोलेइक, लिनोलेनिक. आणि गंमत बघा, नेमक्या याच पाचांचे मिथिल एस्टर मधमाशीची अळी आपल्या लाळग्रंथींत तयार करते, जोडीला पाचांचे इथिल एस्टरही. ना डबा, ना सोडा! यातल्या काहींचा वास आला की दाई माश्यांना कळतं, आता हिच्या घराला मेणाचं झाकण घालायचं. फ्रान्सच्या इव्ह ल कॉन्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९-९० मध्ये हे उलगडलं. घरफोड्यालाही तोच वास लागतो, हेही त्यांनीच दाखवलं : व्हरोआ नावाचा परजीवी मिथिल पामिटेटच्या मागावर येतो आणि झाकण पडायच्या आत खोलीत शिरतो.

हा मामला नॅनोग्रॅममध्ये मोजायचा. एक मिलिग्रॅम वजनाचा साखरेचा दाणा घेऊन त्याचे दहा लाख भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम. आपल्या पिशवीत पामिटिक साधारण दहावा हिस्सा, म्हणजे नव्वदेक ग्रॅम, म्हणजेच नऊ हजार कोटी नॅनोग्रॅम. पण एका नॅनोग्रॅमलाही कमी लेखू नका. तेवढ्या मिथिल पामिटेटमध्ये सव्वादोन लाख कोटी रेणू असतात. जगातल्या सव्वाआठशे कोटी माणसांना वाटले तरी माणशी अडीचशेच्या वर.

खरी पंचाईत पुढे आहे : हे एस्टर मोजायचे तर आधी ऊतीतून बाहेर काढावे लागतात. ज्या साली उज्जैनला विक्रम विद्यापीठ सुरू झालं, त्याच १९५७ साली फोल्च आणि सहकाऱ्यांनी ऊतीतून चरबी काढायची एक रीत छापली. ती आजही चालते : एक ग्रॅम ऊतीला वीस मिलिलिटर द्रावण, दोन भाग क्लोरोफॉर्म, एक भाग मिथेनॉल. म्हणजे जे मिथेनॉल तेलाचं बायोडिझेल करतं, तेच आपण तपासणीआधी नमुन्यात ओततो! मग ऊतीत मिथिल एस्टर सापडले, तर ते जिवंतपणी होते की बाटलीत जन्मले?

हिशेब करून पाहिला. त्या वीस मिलिलिटरमध्ये मिथेनॉलचे शंभर कोटी कोटी कोटी रेणू. त्यातल्या साडेचार हजार कोटींमागे एकानेच जरी आगाऊपणा केला, तरी आपला नॅनोग्रॅम तयार. इतक्या गर्दीत एखादा तरी करणारच, असं मला वाटतं. म्हणून कुणी मिथेनॉल टाळून हेक्झेन वापरतात. मला जास्त आवडते ती दुसरी युक्ती : मिथिल गटातल्या तिन्ही हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) असलेलं मिथेनॉल ओतायचं, आणि मग एस्टर वजनाला लावायचा. साध्या मिथिल पामिटेटचं रेणुवजन २७०. काटा २७३ वर गेला, तर तो एस्टर बाटलीतला.