लेकीच्या मुक्कामाची किल्ली जावयाच्या खिशात नको!

नगरच्या न्यायालयातून त्या दिवशी कार्यालयात यायला मला उशीर झाला. बाहेरच्या बाकावर एक वयस्क गृहस्थ बसून होते. राहुरीकडचे, एस.टी.तून निवृत्त झालेले. "जयभीम वकीलसाहेब" म्हणून त्यांनी कापडी पिशवी उघडली. आत लेकीच्या मंगलपरिणयाची पत्रिका, चार फोटो, पासपोर्टची झेरॉक्स आणि अमेरिकेच्या ग्रीन कार्डाची एक पुसट प्रिंट होती.

"कार्डाची मुदत तीन महिन्यांनी संपती. जावई म्हणतो, मी सही करणार नाही, बस विमानात आन जा बापाकडं. साहेब, त्यानं सही नाही केली तर पोरीला हाकलून देतील का हो?"

मी म्हणालो, "काका, आधी पाणी घ्या. जावयाची सही हा एकच रस्ता नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास बसल्याचे दिसले नाही. त्यात त्यांचा दोष नव्हता. लेक दीड वर्ष शिवीगाळ सोसत होती, एकदा तिला रात्री घराबाहेरही काढले होते. तरी ती गप्प राहिली, कारण "तुझं कार्ड माझ्या हातात आहे" हे वाक्य तिने रोज ऐकले होते. कायद्याचे अज्ञान हे जुलमी माणसाचे सर्वात स्वस्त हत्यार असते. आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आता अमेरिका, इंग्लंड, कॅनडापर्यंत पोहोचली आहेत. म्हणून हा विषय या स्तंभात मांडतो आहे.

ही अट आहे तरी काय?

अमेरिकेचा नागरिक किंवा तेथील कायम रहिवासी आपल्या पत्नीला वा पतीला विवाहाच्या नात्याने कायम वास्तव्य मिळवून देऊ शकतो. परंतु असे वास्तव्य मिळते त्या दिवशी विवाहाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर कार्ड दहा वर्षांऐवजी दोनच वर्षांचे मिळते. यालाच सशर्त वास्तव्य म्हणतात. केवळ कागदासाठी खोटी लग्ने होतात, या कारणावरून अमेरिकेने १९८६ साली ही तरतूद केली.

ही दोन वर्षे संपण्याच्या आधीच्या नव्वद दिवसांत पती-पत्नींनी मिळून 'आय-७५१' नावाचा अर्ज करायचा असतो. आमचा विवाह खरा आहे, अट काढून टाका, असे त्यात दोघांच्या सहीने सांगायचे. अर्जच केला नाही तर वास्तव्याचा दर्जा आपोआप संपतो आणि देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते.

जावयाच्या धमकीचे मूळ या दोन सह्यांत आहे. कायदा करणाऱ्यांनी खोटे लग्न पकडायला सापळा लावला आणि त्याची दोरी नकळत नवऱ्याच्या हाती दिली! ज्या घरात माया आहे तिथे ही सही म्हणजे पाच मिनिटांचे काम. ज्या घरात हात उचलला जातो तिथे तीच सही दोन वर्षांची वेठबिगारी होते.

सहीशिवायचे मार्ग

अमेरिकेच्या कायद्यातच एकट्याने अर्ज करण्याची सोय आहे. विवाह खऱ्या मनाने केला होता, पण घटस्फोट झाला, तर एकट्याने अर्ज करता येतो. जोडीदाराने मारहाण केली किंवा अतोनात छळ केला, तरीही करता येतो. छळाचा हा आधार १९९० साली कायद्यात आला. परत पाठवल्यास असाधारण हाल होतील, हाही एक आधार आहे. जोडीदाराचा मृत्यू झाला असल्यासही एकट्याचा अर्ज चालतो.

यातले तीन बारकावे आईबापांनी लक्षात ठेवावेत. पहिला, छळाच्या कारणावरून अर्ज करायला घटस्फोट व्हावाच लागतो असे नाही. घटस्फोटाच्या कारणावर अर्ज असेल, तर मात्र अंतिम हुकूमनामा दाखवावा लागतो. दुसरा, छळ म्हणजे फक्त हाडे मोडणे नव्हे. कोंडणे, पैसे काढून घेणे, हद्दपारीची सतत धमकी देणे यांचाही त्यात विचार होतो. तिसरा, एकट्याचा अर्ज त्या नव्वद दिवसांच्या चौकटीत अडकलेला नाही. तो आधीही करता येतो आणि उशीर झाल्यावरही करता येतो. अर्ज नामंजूर झाला, तरी पुढे इमिग्रेशन न्यायाधीशासमोर बाजू मांडता येते.

पण पुरावा तिनेच द्यायचा असतो! विवाह खरा होता याचा पुरावा म्हणजे दोघांच्या नावे असलेला घरभाड्याचा करार, संयुक्त बँक खाते, आयकराची विवरणपत्रे, विमा, मुलांचे जन्मदाखले, प्रवासाचे फोटो, ओळखीच्यांची प्रतिज्ञापत्रे. छळाचा पुरावा म्हणजे पोलिसांतील नोंद, डॉक्टरांचे कागद, न्यायालयाचा संरक्षण आदेश, धमकीचे संदेश. आपल्या मुलींचे नाव खात्यावर नसते, वीजबिलावर नसते, भाडेकरारावर नसते. म्हणून पहिल्या महिन्यापासून मुलीने प्रत्येक कागदाची एक प्रत माहेरी पाठवावी. नवऱ्यावर संशय म्हणून नव्हे. नवरा चांगला निघाला तर हीच फाईल दोघांच्या जोड-अर्जाला उपयोगी पडेल.

आणखी एक घोळ आपल्याकडे नेहमी होतो. नवरा एच-१बी नोकरीच्या व्हिसावर असेल, तर पत्नी एच-४ वर जाते. तिच्याकडे ग्रीन कार्डच नसते. तिचा मुक्काम पूर्णपणे नवऱ्याच्या व्हिसावर टांगलेला असतो आणि आय-७५१ चा तिला उपयोग नाही. उलट, नवऱ्याच्या नोकरीतून दोघांना एकत्र ग्रीन कार्ड मिळाले असेल, तर त्यावर ही विवाहाची अट नसते. म्हणून "पोरगा अमेरिकेत आहे" एवढ्यावर भुलू नका. कोणत्या व्हिसावर आहे, हे विचारा!

अट काढणारा देश

अटच नको, असे एखाद्या देशाने म्हटले आहे का? होय. कॅनडाने ऑक्टोबर २०१२ मध्ये अशीच दोन वर्षे एकत्र राहण्याची अट घातली होती. छळ होणारी बाई या अटीमुळे घरातच अडकून पडते, हा आक्षेप महिला संघटनांनी लावून धरला. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या सरकारने ती अट रद्द केली. इंग्लंडने मात्र उलटा रस्ता धरला. तिथे दोन वर्षांचा परीक्षाकाळ २०१२ मध्ये पाच वर्षांवर नेला. घरगुती हिंसेला बळी पडणाऱ्यांसाठी वेगळा मार्ग तिथेही ठेवावा लागला, ही गोष्ट बोलकी आहे.

खोटी लग्ने होतात, हे मी नाकारत नाही. पैसे घेऊन कागदी लग्न लावणारे दलाल आपल्याही मुलांना गाठतात. अमेरिकेत हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुढे खरे लग्न केले तरी दार बंद होते. त्या वाटेला कोणीही जाऊ नये. पण चोर पकडण्यासाठी घरातल्या लेकीलाच ओलीस का ठेवायचे?

इथल्या कायद्याचे काय?

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली नीरजा सराफ प्रकरणात परदेशस्थ नवऱ्यांनी टाकून दिलेल्या स्त्रियांची दखल घेतली. भारतात झालेला असा विवाह परदेशी न्यायालयाने रद्द करू नये, पत्नीला पोटगीची हमी मिळावी, असा कायदा करण्याचा विचार व्हावा, असे सुचविले. त्याआधी १९९१ मध्ये नरसिंह राव खटल्यात परदेशी घटस्फोटाचा हुकूमनामा इथे केव्हा मानायचा, याच्या कसोट्या घालून दिल्या. २००९ साली विधी आयोगाने अहवाल दिला. २०१९ साली अनिवासी भारतीयांच्या विवाह नोंदणीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत विधी आयोगाने पुन्हा अहवाल देऊन सर्वंकष कायदा मागितला. १९९४ ते २०२४, तीस वर्षे! लेकी रडत राहिल्या आणि अहवाल छापले गेले.

सुरुवात ग्रामपंचायतीपासून

मग आपण हातावर हात ठेवून बसायचे का? मुळीच नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमानुसार विवाहाची नोंद नव्वद दिवसांच्या आत करायची असते. गावात ग्रामसेवकाकडे, शहरात पालिकेकडे. तीन साक्षीदार लागतात आणि विवाह लावणाऱ्याची सही लागते. आपल्या मंगलपरिणयात ती सही भंतेजींची किंवा बौद्धाचार्यांची. ती त्याच आठवड्यात घ्या. पुढे त्यांना शोधत फिरण्याची वेळ येते.

उलट चूकही होते. व्हिसाची घाई म्हणून आधी नुसता दाखला काढायचा आणि विधी वर्षभराने करायचा! हिंदू विवाह कायद्याच्या व्याख्येत बौद्धही येतात. त्या कायद्याखाली विधी न होता काढलेल्या दाखल्याने विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डॉली रानी प्रकरणात एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केले. विधी नको असेल तर विशेष विवाह कायद्याने रीतसर नोंदणी विवाह करा. बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी विवाहच केला होता. त्यात कमीपणा कसला?

मुलगी भेटीला आली असताना तिचे कार्ड आणि पासपोर्ट काढून घेऊन नवरा एकटाच परत जातो, असेही प्रकार होतात. अशा वेळी "आज ना उद्या नेईल" म्हणून वर्ष घालवू नका. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास नुसत्या कार्डावर परत प्रवेश मिळत नाही. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्ष २००९ पासून आहे, तिथे तक्रार नोंदवा. अमेरिकेत दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी न्यू जर्सीत 'मानवी' १९८५ पासून आणि न्यूयॉर्कमध्ये 'सखी' १९८९ पासून काम करीत आल्या आहेत.

मेरीलँडमध्ये १४ ऑक्टोबर २०२३ रोजी बाबासाहेबांचा भव्य पुतळा उभा राहिला. ऊर भरून आला. तिथल्या आपल्या बांधवांना माझी एकच विनंती आहे. त्या पुतळ्याच्या सावलीत चार इमिग्रेशन वकिलांची नावे आणि रात्री दोन वाजता उचलला जाणारा एक फोन ठेवा.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, विवाहित मुलीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, त्याची गुलाम होण्यास नकार द्यावा. तो उपदेश घराच्या उंबऱ्यासाठी होता, तसाच तो विमानतळाच्या उंबऱ्यासाठीही आहे. परदेशी जावई मिळाला म्हणून गावभर पेढे वाटणाऱ्या आणि लेकीच्या रडक्या फोनला "सांभाळून घे बाई" म्हणणाऱ्या आपण सर्वांनी तो पुन्हा वाचावा.

त्या काकांच्या लेकीने तिथल्या एका संस्थेच्या मदतीने एकटीच्या नावाने अर्ज केला. पोचपावती आली, तिच्यावर मुदत वाढल्याचे लिहिले आहे. निकाल अजून यायचा आहे आणि तो काय लागेल, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ती आता वेगळी राहते, नोकरी करते आणि बापाला फोन करताना आवाज दबका ठेवत नाही.

मागच्या महिन्यात काका पुन्हा आले. धाकटीचे जमत होते, मुलगा पुण्याचाच. या वेळी पिशवी उघडण्याआधीच त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, नोंदणीला कोणकोणते कागद लागतील, तेवढं आधी लिहून द्या."

मी लिहून दिले. आपणही लिहून घ्या. जयभीम!